पेट्रोल पिणारी गाडी आणि धडगावचा घाट

नाशिकहून निघताना टाकी काठोकाठ भरली होती. धुळं यायच्या आतच काटा अर्ध्याखाली गेला आणि मला चैन पडेना. गाडी जुनी, वडिलांच्या वेळची, पण इतकी अधाशी कधी नव्हती. महिनाभर शहरातल्या शहरात फिरवताना शंका येत होतीच. ट्रॅफिकमुळे असेल, असं म्हणून मी ती बाजूला सारत होतो. आता मोकळ्या रस्त्यावर तेही कारण उरलं नाही.

शेजारी आई बसली होती, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा धरून. माझी धाकटी बहीण शीतल धडगावच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे आणि तिला सातवा महिना लागला होता. तिला बाळंतपणासाठी नाशिकला आणायला आम्ही निघालो होतो. तसं आईने ठरवलं होतं. शीतल फोनवर "बघू" एवढंच म्हणायची, मग रेंज जायची.

धुळ्यात चारही चाकांत हवा भरून घेतली. मागची दोन जरा कमी निघाली, तेवढ्यावर मी समाधान मानलं. दोंडाईचा येईपर्यंत काटा पुन्हा उतरू लागला. मी दर थोड्या वेळाने त्याच्याकडे बघत होतो आणि आई माझ्याकडे.

"पंपवाल्याने पेट्रोल कमी भरलं असेल," मी म्हणालो.

"गाडीनं मंग दखू," आई म्हणाली (गाडीचं नंतर बघू). "पहिले मन्ही पोर." (आधी माझी पोरगी.)

आईचं माहेर नंदुरबारजवळचं धानोरा. नाशिकला ती शेजारणींशी पुस्तकी मराठी बोलते, पण दोंडाईचा सुटलं की अहिराणी तिच्या तोंडात आपोआप येते. धानोऱ्याला मामाकडे मुक्काम केला. मामीने कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली), शेवभाजी आणि ठेचा वाढला. मामा हात धुता धुता म्हणाला, "भाचा, तुन्ही गाडी पेट्रोल पी ऱ्हायनी का ढोसी ऱ्हायनी?" सगळे हसले. मलाही हसू आलं. पण उद्या घाट होता आणि येताना गाडीत गरोदर बहीण असणार होती.

सकाळी नंदुरबारला गॅरेजवर गेलो. शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या (मिरची वाळवायची मोकळी मैदानं) लालभडक पसरल्या होत्या. वाऱ्याबरोबर मिरचीचा खकाणा उठत होता, त्यामुळे शिंका थांबेनात. गॅरेजवाला तोंडाला रुमाल बांधून काम करत होता. त्याने एअर फिल्टर काढून आपटला, त्यातून मूठभर धूळ पडली. प्लग काळे पडले होते, तेही बदलले.

"इंजिनाला श्वासच घेता येत नव्हता, साहेब. आता बघा अ‍ॅव्हरेज."

मला ते मनापासून पटलं. टाकी भरून निघालो. प्रकाशा गावाजवळ तापीच्या पुलावर आईने नदीला हात जोडले आणि मी काट्याकडे पाहिलं. शहाद्यापर्यंत दोन्हीकडे केळी, पपई, ऊस, सगळं हिरवंगार. पण मी त्या हिरव्यात नव्हतोच. इंजिनचा आवाज सुधारला होता, तरी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी लगेच मंदावत होती, जणू मागून कोणी दोरी धरली आहे. हे माझ्या पायाला कळत होतं, डोक्यात मात्र अजून पंपवाला आणि प्लगच घोळत होते.

म्हसावद मागे पडलं आणि घाट सुरू झाला. वळणं घेऊन घेऊन आईला मळमळू लागलं, म्हणून एका मोकळ्या जागी थांबलो. पुढे थोडासा उतार होता आणि उताराच्या टोकाला एका महूच्या (मोहाच्या) झाडाची सावली. गाडी सावलीत घसरत न्यावी म्हणून न्यूट्रल केली, हँडब्रेक सोडला. गाडी जागची हलली नाही.

मी खाली उतरलो. जळका, करपट वास येत होता. बाटलीतलं पाणी हातावर घेऊन एकेका चाकाच्या रिमवर शिंपडलं. पुढची दोन्ही चाकं गप्प. मागचं उजवंही गप्प. मागच्या डाव्या चाकावर पाणी पडताच चर्रकन वाफ झाली.

म्हणजे हँडब्रेक खाली केला तरी त्या चाकाचा ब्रेक सुटत नव्हता. नाशिकपासून मी गाडी ब्रेक लावून ओढत आणली होती. पेट्रोल कुठे जात होतं ते कळलं. चढावर फक्त पेट्रोल जातं. पण याच घाटातून उतरताना, तापून तापून ब्रेक लागेनासा झाला असता तर? मागच्या सीटवर शीतल असती.

धडगावकडे चाललेली एक जीप थांबली. टपापर्यंत माणसं. ड्रायव्हरने मान बाहेर काढून विचारलं, "काय झालं, भाऊ?"

मी सांगितलं.

"वर चढून जाल हळूहळू. थंड होऊ द्या आधी. पण अशी उतरवू नका." मग आईकडे बघून म्हणाला, "आजीला देऊ का जागा?"

आई म्हणाली, "मी पोऱ्यासंगेच येसू." आम्ही चाक निवेपर्यंत महूखाली बसून राहिलो.

धडगावच्या मिस्त्रीने त्या चाकाचा ब्रेकचा ड्रम उघडला. हँडब्रेकची केबल गंजून आतल्या आत अडकली होती, ब्रेकचे लायनर जळून काचेसारखे गुळगुळीत झाले होते. सामान शहाद्याहून जीपने मागवावं लागणार होतं. तोवर मुक्काम.

शीतल घरी नव्हती. तिचा नवरा दिनेश आश्रमशाळेत शिकवतो, तोही शाळेत. आम्ही सरळ दवाखान्यात गेलो. शीतल पोटावर हात ठेवून व्हरांड्यातून येत होती. आईने तिला जवळ घेतलं आणि पहिलंच वाक्य बोलली, "गाडी नीट व्हयनी का निघू." (गाडी नीट झाली की निघू.)

शीतलने मला बाजूला घेतलं. "दादा, मला यायचं नाही. पाड्यापाड्यावर जाऊन बायकांना मी सांगते, घरी बाळंत होऊ नका, दवाखान्यात या. आणि माझी वेळ आली की मी नाशिकला पळू?"

"आणि काही अवघड झालं तर?"

"तर नंदुरबारला नेतील. सगळ्यांना नेतात तसं."

हे आईला सांगायचा धीर तिला नव्हता. मी सांगितलं. आई त्या दिवशी जेवली नाही. मी गॅरेज आणि घर यांच्यामध्ये येरझारा घालत राहिलो. सामान आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई एकटीच दवाखान्यात जाऊन बसली. दूरच्या पाड्यावरून एका पोरीला जीपमधून आणलं होतं, पहिलटकरीण. तिची आई बाहेर भिंतीला टेकून बसलेली. ती पावरी (तिथल्या पावरा आदिवासींची बोली) बोलायची, आई अहिराणी. मी डबा घेऊन गेलो तेव्हा दोघी एकमेकींचा हात धरून दाराकडे बघत होत्या. आतून शीतलचा आवाज येत होता, पावरीत, ठाम आणि मायेचा. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आईनेही नसावा. थोड्या वेळाने बाळ रडलं. त्या बाईने आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

संध्याकाळी मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ समोर होती. आई दोन घास खाऊन म्हणाली, "तू जाय भाऊ. मी आठेच ऱ्हासू." (तू जा, मी इथेच राहीन.) शीतल उठून मोरीकडे गेली आणि बराच वेळ तोंड धूत राहिली.

केबल आणि लायनर बसले. मिस्त्रीने मागची बाजू जॅकवर उचलून चाक हाताने फिरवून दाखवलं, ते फिरतच राहिलं. घाट मी दुसऱ्या गिअरमध्ये, दर वळणाला ब्रेक तपासत उतरलो. ब्रेक नीट लागत होते. शहाद्याच्या पुढे पाय काढला तरी गाडी कितीतरी वेळ आपली आपण धावायची. शहाद्याला भरलेली टाकी नाशिक आलं तरी अर्ध्यावरच होती. इतक्या दिवसांची हुरहुर आता संपायला हवी होती. पण रिकाम्या सीटकडे नजर जायची आणि मी फोनला रेंज आहे का बघायचो.

घरी पोहोचलो तेव्हा शेजारच्या काकू अंगणात होत्या. त्यांनी गाडीत वाकून पाहिलं.

"आई कुठे? शीतलला आणायला गेला होतात ना?"

"आई तिकडेच राहिली. बाळंतपण धडगावलाच होणार."

"तिकडे? अरे, तिकडे चांगली नर्स तरी आहे का?"

"आहे," मी म्हणालो. "आमची शीतल."