पदवीधराचा रकाना

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. धुळ्यातल्या मेंदूविकारांच्या दवाखान्यात मी चाचणीच्या कागदावर वेळ टाकली आणि समोरच्या माणसाकडे पाहिले. वय एकोणऐंशी. शिरपूरकडच्या एका शिक्षण संस्थेचे अध्यक्ष. सगळा तालुका त्यांना नाना म्हणतो. मी त्यांच्याच शाळेत शिकले. नववीत असताना, प्रार्थनेच्या वेळी, मला रांगेतून बाहेर काढून त्यांनी सगळ्या शाळेसमोर सांगितले होते, ‘‘हिचं लक्ष कमी, तोंड जास्त.’’ आता त्यांनी मला ओळखले नाही. मीही ओळख दिली नाही, आणि त्याबद्दल मला आजही अपराधी वाटत नाही.

संस्थेच्या काही विश्वस्तांनी लेखी तक्रार केली होती : नाना एकच कागद दोनदा मागवतात, सभेत बोलता बोलता विषय सोडून देतात. वैद्यकीय अहवाल चांगला आला तर अध्यक्षपद राहणार होते. नाही तर पुढच्या बैठकीत राजीनामा. सही डॉक्टरांची असते, पण चाचणी घेऊन गुण मांडण्याचे काम माझे.

‘‘शिक्षण?’’

‘‘बी.ए. शाळेच्या पाटीवर नावापुढे लिहिलंय. वाचता येतं ना तुला?’’

मी शिक्षणाची वर्षे पंधरा लिहिली. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, अक्का, पदराशी चाळा करत माझ्या हाताकडे पाहत होत्या.

मी सेकंदाला एक या गतीने आकडे वाचले. ते ऐकून उलट क्रमाने सांगायचे. तीन आकडे नानांनी उलटे सांगितले. ‘‘सात, दोन, नऊ, चार,’’ मी म्हटले.

‘‘चार, नऊ...’’ ते थांबले. ‘‘हे काय खूळ आहे? आकडे सरळ सांगायला काय होतं तुम्हाला?’’

दुसऱ्या संधीतही चार आकडे जमले नाहीत. मग कागदावर विखुरलेले आकडे आणि अक्षरे आळीपाळीने रेघेने जोडायची : एक, अ, दोन, आ. प्रत्येक अक्षरापाशी ते पुटपुटत पुन्हा ‘अ’पासून सुरुवात करीत, तोवर आकडा सुटलेला असे.

मनात धरलेल्या गोष्टींची उलटापालट करणे, दोन क्रमांवर एकाच वेळी लक्ष ठेवणे, हे वयाबरोबर जड जाते. पण या चाचण्या निव्वळ वय मोजत नाहीत. निरर्थक आकडे गंभीरपणे घेण्याची सवय माणसाला शाळेचा बाक लावतो. म्हणून गुण वाचायचे ते वय आणि शिक्षणाची वर्षे यांच्या तक्त्यात ठेवून. पदवीधराच्या रकान्यात नानांचे गुण किमान गुणांच्या रेषेच्या बरेच खाली होते. मला आनंद झाला. असे लिहू नये हे मला कळते, पण झाला.

मात्र एक गोष्ट बसत नव्हती. संमतिपत्रावरची त्यांची सही सराईत होती, आणि तिच्याखाली लिहिलेले गावाचे नाव पहिलीतल्या पोराने काढावे तसे, एकेक अक्षर दाबून. विस्मरण झालेला पदवीधर असे लिहीत नाही.

‘‘नाना, पदवी कुठल्या कॉलेजातून घेतली?’’

‘‘तुला काय करायचंय? डॉक्टर आहेस तू? पगारी पोरगी.’’

‘‘शिक्षणाचा आकडा चुकला तर अहवाल चुकतो. पंधरा वर्षं शिकलेल्याला हे गुण कमी आहेत. कमी शिकलेल्याला पुरतील.’’

या वाक्याला त्यांचे लक्ष अजिबात कमी पडले नाही. ‘‘म्हणजे कमी सांगितलं की पास?’’

‘‘खरं सांगितलं तर.’’

‘‘तो आकडा अहवालात छापतात? ती विश्वस्त मंडळी वाचणार?’’

‘‘हो.’’

नाना केळीचा भाव पाडावा तसे म्हणाले, ‘‘बारावी लिही.’’

अक्का फिसकन हसल्या.

‘‘बरं, सातवी. त्या काळची सातवी म्हणजे आजची पदवीच.’’

‘‘चौथी शे त्यासनी,’’ अक्का मला अहिराणीत म्हणाल्या.

‘‘तू गप बस!’’

‘‘पंचावन्न साल गपच बसनू. आते लोके तुमले येडा ठरावतस, ते बरं शे का? पाटी पुसाई जाई, दुसरं काय व्हई?’’

‘‘चौथी पास?’’ मी विचारले. तक्त्याला पूर्ण झालेली वर्षे लागतात. प्रश्न आवश्यक होता, आणि तो मी गरजेपेक्षा हळू, सुटे सुटे शब्द करून विचारला.

नानांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की त्यांच्या शाळेत असते तर मला वर्गाबाहेर जावे लागले असते. कार्यालयातली ती मराठी त्यांच्या तोंडून गळून पडली.

‘‘परीक्षाले बसनू नही. ढोरं चाराले ग्यू.’’ मग टेबलावर बोट आपटून, ‘‘लिखी ले. आनी परत विचारू नको.’’

कमी शिकलेल्यांच्या रकान्यात त्यांचे गुण रेषेच्या वर होते. पद वाचणार होते, आणि पाटीवरची पदवी विश्वस्तांपुढे उघडी पडणार होती. त्यांनी दोन्हींचा हिशेब माझ्याआधी केला होता. पद वाचते आहे याचा मला राग आला; पदवी जाते आहे हे आठवल्यावर तो थोडा उतरला.

मी पंधरावर आडवी रेघ मारली, शेजारी माझी आद्याक्षरे टाकली आणि लिहिले : ३.