लोखंडाचं घर

औशाच्या खाजाभाईंचा दगडावर कायमचा राग. भूकंपात दगडमातीच्या भिंतीनं त्यांची अम्मी नेली. तेव्हापासून ते पत्र्याच्या घरात राहतात आणि पत्र्याच्याच पेट्या करतात. लातूरच्या शिकवण्यांना आलेली पोरं त्या पेट्या घेऊन डॉक्टर व्हायला निघतात. त्यांचा मुलगा यासेर मात्र डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत दोनदा आपटला आणि मालवाहू जहाजावर खलाशी व्हायचं म्हणाला. बायको रडली. खाजाभाई म्हणाले, "जाऊ दे की. सगळं लोखंडाचं हाय. अंगावर पडायला एक दगड न्हाई."

यासेर गेल्यावर भाची कहकशांनं त्यांना मोबाइलवरच्या नकाशात त्याच्या जहाजाचा सरकता ठिपका दाखवला. मग गिऱ्हाईक विचारायचं, "खाजाभाई, जहाज कुठवर आलं?" "कोलंबो सोडलं," ते ऐटीत सांगायचे, जणू निलंग्याची एसटीच सुटली.

परवा कहकशांनं त्या जहाजाच्या तपासणीची माहिती उघडली आणि वाचता वाचता थांबली. "मामू, याला तीन बंदरांत अडवलं होतं. तळाचा पत्रा गंजलाय. जीव वाचवायची होडी खाली उतरत न्हाई."

गंजलेल्या पत्र्याचं काय होतं, हे खाजाभाईंना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी फोन लावला.

"बेटा, उतर तिथून."

"करार संपेपर्यंत न्हाई उतरता येत, अब्बा. तुम्हीच म्हणालात ना, लोखंडाचं हाय?"

भूकंपानंतर अख्खं गाव भीतीनं घराबाहेर झोपायचं. तेच खाजाभाईंच्या तोंडून निघालं.

"मग रात्री बाहेर झोपत जा, बेटा."

"अब्बा," यासेर म्हणाला, "बाहेर पाणी हाय."