खंडेनवमीच्या अक्षता

चादरीच्या कारखान्यातला तो जुना कॉम्प्युटर गुफरानभाईंनी पोटच्या पोरासारखा जपला होता. मोर, कमळ, वेलबुट्टी, आयुष्यभर काढलेली त्यांची सगळी डिझाइनं त्यातच होती. पंख्यातली धूळ ते रोज ब्रशनं काढत आणि एखादा पार्ट गेला, की त्यासाठी अख्खा भंगारबाजार पालथा घालत. खंडेनवमीला मात्र त्यांचा जीव टांगणीला लागायचा. यंत्रांच्या पूजेत मालकीणबाई मुठीनं अक्षता उधळायच्या आणि तांदूळ जाळीतून थेट आत जायचे. मग गुफरानभाई कॉम्प्युटरवर चादर टाकून आडवे उभे राहायचे. "हळू की अक्का, आत जीव हाय त्याचा!" सगळे हसायचे.

यंदा उन्हाळ्यात नव्या मशिनी आल्या आणि मालकिणीच्या मुलानं, वेणूशेठनं, गुफरानभाईंना घरी बसवलं. खंडेनवमीला मात्र सत्काराला बोलावलं. कारखान्याच्या दुकानात दर्शनी काचेपाशी तोच कॉम्प्युटर घासूनपुसून, हार घालून मांडला होता.

"तुमची आठवण जपलीय, गुफरानभाई," वेणूशेठ म्हणाला.

सवयीनं त्यांनी बटण दाबलं. स्क्रीनच्या काचेमागं नुसता एक बल्ब लागला.

"आतलं सगळं भंगारात घातलं. उगाच जड होत होतं."

"आन् माझी डिझाइनं?"

"ती कुणाला लागतात आता?"

तेवढ्यात अक्का पूजेचं ताट घेऊन आल्या. मूठभर अक्षता उचलल्या आणि दरवर्षीसारख्या थबकून त्यांनी गुफरानभाईंकडं पाहिलं.

गुफरानभाई बाजूला सरले.

"टाका की, अक्का. लई टाका. आता आत कुणी न्हाय."