पहिल्या जाळ्याचा प्रसाद

मूल गावच्या बाजारात परवा ओल्या जाळ्याचा वास आला अन् मन थेट सासरच्या तळ्याच्या पाळीवर गेलं. लग्नाचं पहिलंच वर्ष होतं.

वर्षाचं पहिलं जाळं पडायच्या दिवशी पाळीवरच्या देवीला कोंबडा कापत. प्रत्येक घरातल्या थोरल्या माणसाने तो प्रसाद खायचा. न खाणाऱ्या घराचा मासोळीतला हिस्सा दोन वर्षं बंद. माझ्या विधवा सासूने त्याच उन्हाळ्यात महानुभाव पंथाचा उपदेश घेतला होता. दुसरा देव नाही, मांस नाही.

प्रसादाचं पान सासूपुढे आलं.

"खाऊन टाका ना बाई," म्हातारे पंच हळूच म्हणाले, "तुमचा देव काय इथी पाहून राह्यला?"

"पाहून राह्यला भाऊ, म्हणूनच मले जमत नाई."

तिने पान अलगद खाली ठेवलं. पुढची दोन वर्षं आम्ही लोकांच्या धानाच्या बांध्यांत रोवणे करून जगलो.

तिचा तो ठाम आवाज गावात अजून सांगतात. मला मात्र परतीची वाट आठवते. तिने माझा हात धरला होता, अन् तिचा हात थरथर कापत होता.

मी रागाने माझा हात सोडवून घेतला होता.