गिरणीवरची चौकशी

धाराशिवला नोकरी लागली तेव्हा वाटलं, आता जग जिंकलं. पण खोली कोण देतंय! पहिल्या घरमालकानं विचारलं, "मिस्टर कुठं असतात?" मी म्हटलं, "वेगळे झालोत." लगेच त्यांना आठवलं, की ही जागा भाच्याला लागणार आहे. दुसऱ्या मालकालाही भाचाच आठवला. एवढे भाचे एका गावात कुठून आले, देव जाणे! इकडं पोरीची शाळा सुरू व्हायला आली होती, आणि भूमहून रोज एसटीनं ये-जा करून मी पार मेटाकुटीला आले होते.

शेवटी अण्णा, माझे वडील, म्हणाले, "तू नको बोलूस. घर बघायची बी रीत असती." त्यांची रीत म्हणजे सोयरीक जमवताना असते तीच. घरात जाऊन घर कळत नसतं, आजूबाजूला विचारावं. धाराशिवातल्या एका इमारतीत वरची खोली रिकामी होती. अण्णा ज्वारीची पिशवी घेऊन तिच्या समोरच्या पिठाच्या गिरणीत जाऊन बसले. नंबर आला की मागच्या बाईला पुढं करायचे, "तुमचं होऊ द्या, मला काय घाई न्हाय." संध्याकाळी मिशांसकट पांढरे होऊन भूमला परतले. नळाला पाणी आठवड्यानं येतं, पण घरचं बोअर आहे. मालकीणबाई एकट्या, रिटायर शिक्षिका, तोंडानं फटकळ. पण भाडेकरीण बाळंत झाली तर डिंकाचे लाडू करून दिलेले. एवढं सगळं सांगितलं, पण चेहरा उतरलेला.

"मग उद्या जायचं ना?" मी विचारलं.

"ते घर राहू दे."

लई खोदून विचारल्यावर बोलले. गिरणीतल्या बायकांनी जावयाचं विचारलं, तर त्याचं नाव-गाव सांगून "पुण्याला कंपनीत हाय" म्हणून मोकळे झाले होते. आणि निघता निघता कळलं, मालकीणबाईंचं माहेर कळंबचं. माझं सासरही कळंबच. बाईंनी एक फोन लावला की झालं!

माझं डोकंच फिरलं. मी काय कुणाच्या घरावर दरोडा घातलाय, लपवायला? सकाळी अण्णांना सोबत घेऊन एसटी धरली आणि थेट बाईंच्या दारात उभी राहिले.

"यांनी गिरणीत सांगितलं ते खोटं आहे. मी नवऱ्यापासून वेगळी झालेय. तुम्हालाही भाचा असेल तर आत्ताच सांगून टाका."

"कसला भाचा?" बाई म्हणाल्या. "आत या आधी. गिरणीतल्या बायकांकडून नाव-गाव कळलं, मी कालच कळंबला फोन लावला. चौकशी काय तुम्हीच करायची व्हय?"

आम्ही आत जाऊन बसलो.

"तुमच्या सासरच्या गल्लीतल्या बायका म्हणाल्या, पोरीनं लई सोसलं. त्याचं पिणं, हात उचलणं, लग्नाआधीपासून सगळ्या गल्लीला ठाऊक होतं." मग त्या अण्णांकडं वळल्या. "भाऊ, एका खोलीसाठी दिवसभर गिरणीत बसलात. लेक देताना कुणाला विचारलं होतं?"

मला असा संताप आला! माझ्या बापाला बोलणाऱ्या या कोण? तोंड उघडणार, तेवढ्यात अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"न्हाय विचारलं," ते म्हणाले. "मध्यस्थ भावकीतला. त्याच्या माघारी कसं विचारायचं, लाज वाटली. म्हणून तर आता..." माझा राग कुठल्या कुठं गेला.

बाई आत गेल्या. पाण्याचा तांब्या आणला आणि किल्ली आणली. ती मला नाही, अण्णांच्या हातात दिली.

"तुमची चौकशी पुरी करा, भाऊ. खोली बघून घ्या."

अण्णा गुडघ्यावर हात टेकत जिना चढले. खोलीत शिरून ना त्यांनी भिंती बघितल्या ना नळ. दार लावून घेतलं, आतून कडी घातली, काढली, पुन्हा घातली. मी बाहेर उभी होते.

"आतनं घट्ट लागती गं," दारापलीकडून ते म्हणाले.