बीजींचा लोटा

बीजींचा तो पितळी लोटा आठवला की आजही मला हसू येतं.

पंजाबातल्या दहशतवादाचे दिवस होते. मी चंदीगडला प्रतिनियुक्तीवर होतो. दिवसरात्र नाकाबंदी, कुठे खुट्ट झालं की पळापळ. अशात एका सकाळी शहरात राहणारी एक बाई इस्पितळाचा अहवाल घेऊन ठाण्यात आली. जवळच्या गावात राहणाऱ्या तिच्या आईच्या केसांत आणि नखांत आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, सापडला होता.

"साहबजी, भाभी मेरी बीजी को जहर दे रही है. पक्का!"

भाऊ फौजेत, सीमेवर. घरात सासू-सून दोघीच. संशयाला एवढं पुरेसं होतं. सुनेला चौकशीसाठी आणलं आणि महिला शिपायासमोर मी उलटसुलट प्रश्न विचारले. स्वयंपाक कोण करतं? औषध कोण देतं? प्रत्येक उत्तर एकच, "मैं." गुन्हेगार माणूस इतक्या सरळपणे स्वतःला अडकवून घेत नाही, हा माझा अनुभव. शेवटी ती रडवेली होऊन म्हणाली, "बीमार हुईं तब से पानी भी उबालकर देती हूँ जी."

तेवढ्यात दारात आरडाओरड. काठी टेकत खुद्द बीजीच हजर! ठाण्यात नेलेलं माणूस परत येईल ना, ही धास्ती तेव्हा घराघरांत होती. हवालदार अडवायला गेला, तर त्यालाच चार शब्द सुनावून त्या आत आल्या. हातात झाकलेला लोटा.

"मेरी नूंह सवेर दी प्यासी ए!" सून सकाळपासून तहानलेली, आणि तिला घरच्या विहिरीशिवाय दुसरं पाणी रुचत नाही, म्हणून म्हातारी पाणी घेऊन आली होती. जिच्यावर विषप्रयोगाचा संशय, तिच्याचसाठी!

सुनेने लोटा घ्यायला दोन्ही हात पुढे केले, आणि मला दोघींचे तळवे शेजारी शेजारी दिसले. दोघींच्याही तळव्यांवर सारख्याच टणक गाठी, मनगटावर सारखेच काळे ठिपके, अहवालात सोमलाची लक्षणं म्हणून लिहिलेले.

"थांब! पिऊ नकोस!" मी चक्क मराठीत ओरडलो.

"घरी नळ नाही का?" मी हिंदीत विचारलं.

"नलके दा पाणी तां मज्झ पींदी ए," बीजी तुच्छतेने म्हणाल्या. नळाचं पाणी म्हशीला! माणसांनी प्यायचं ते विहिरीचं, कारण ती बीजींच्या दिवंगत नवऱ्याने, सरदारजींनी, स्वतः खणली होती. पुढे मी त्यांच्या घरी गेलो, तर सगळ्यांत ठणठणीत होती ती म्हैसच.

लोटा तसाच शहरातल्या एका मराठी डॉक्टरांकडे तपासणीला पाठवला. ते साताऱ्याचे. सासू, सून आणि तक्रार करणारी नणंद समोर असताना ते अहवाल हातात घेऊन म्हणाले, "अहो साहेब, विष घालायला माणूस कशाला हवा? जमिनीतूनच उतरलंय. आणि उकळून सोमल जात नाही. पाणी आटतं, विष तेवढंच राहतं."

म्हणजे बिचारी सून जितकी काळजी घेत होती, तितकं पाणी वाईट होत होतं. नणंदेने तिथेच तिला मिठी मारली. बीजी दोघींनाही रागावल्या.

नळाचं पाणी प्यायला मात्र बीजी तयार होईनात. मग डॉक्टरांनीच एकावर एक माठ रचून दिले: वरच्यात जाड वाळू आणि लोखंडाचा कीस, मधल्यात बारीक वाळू आणि कोळसा, खालच्यात गाळलेलं पाणी. लोखंड गंजतं आणि तो गंज सोमलाला धरून ठेवतो, असं त्यांनी समजावलं. "पण तपासल्याशिवाय प्यायचं नाही, आणि कीस बदलत राहायचा," अशी तंबीही दिली.

काही दिवस हे चाललं. मग एके दिवशी बीजींनी स्वतःच विहिरीवर फळ्या ठोकून घेतल्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, सरदारजींनी ती आम्ही जगावं म्हणून खणली होती.

विष दिसलं की आम्ही पोलीस वैरी शोधतो. त्या घरात ते मायेनेच एकीच्या हातून दुसरीला जात होतं. तेव्हापासून कुणाला आरोपी म्हणण्याआधी मी त्याच्या घरचं पाणी कुठून येतं ते विचारायला लागलो.

माझी बदली झाली, तेव्हा बीजी तोच लोटा घेऊन निरोपाला आल्या. मी क्षणभर घुटमळलो. सून हसली, आधी स्वतः एक घोट प्यायली आणि म्हणाली, "नलके का है जी, भैंसवाला."

मी तो लोटा एका दमात रिकामा केला.