तहानेला न हरलेला निजाम

"निजाम कोण होणार?" असं विचारलं, की आम्ही सगळे छपराच्या पत्र्याकडे बघायचो. मग अण्णा मिशीवरून उलटी मूठ फिरवत पुढे यायचे. "कोनीच न्हाई का? मंग मी हाय की!"

तुम्ही आमच्याकडची माणसं पाहिली असतील, तर हा नमुना ओळखीचा वाटेल. साखर कारखान्याच्या टँकरवर ड्रायव्हर. आवाज असा, की हॉर्न बिघडला तरी गाडी अडत नसे. आणि मिशी म्हणजे कारखान्याची दुसरी चिमणी.

त्या साली दुष्काळाने ऊसच ठेवला नव्हता. बॉयलर थंड, वजनकाटा रिकामा. टँकर तेवढे गावोगाव पाणी वाहत होते. काट्याच्या शेडमध्ये आम्ही रिकाम्या मंडळींनी जमिनीवर खर्ड्याची लढाई मांडली. खर्डा आमच्या शेजारचाच, म्हणजे हे घरचंच भांडण. चिंचोके मराठे, एरंडाच्या बिया निजामाची फौज, पालथं घमेलं किल्ला, निळी दोरी ओढा. कवड्या टाकायच्या आणि फौजा सरकवायच्या. पेशव्यांकडून आमचे स्टोअरकीपर, पंच मी.

मराठ्यांनी ओढा अडवला, की किल्ल्यात कोंडलेला निजाम तहानेने शरण जायचा. दर खेळाला तेच. मी "पाणी संपलं" म्हटलं, की अण्णांचा चेहरा खरोखर सुकायचा.

"तलवारीनं मारा बे! पान्यावाचून काय मारता?"

"अण्णा, निजामाचा एवढा पुळका कावून येतो तुमाला?" स्टोअरकीपर टोचायचे.

"त्याच्या फौजेत आपल्याच गावची मानसं होती, साहेब. माझा खापरपणजा होता. हत्तीवर!"

मागच्या रविवारी तो घोड्यावर होता.

एका दुपारी अण्णा आले आणि भर शेडमध्ये गरजले, "आज माझा निजाम तहानेनं मेला, तर मिशी उतरवतो! जगला, तर साहेब, तुमी सगळ्यांदेखत त्याला मुजरा करायचा."

बातमी कॉलनीभर गेली. शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. कोणीतरी न्हाव्यालाही बोलावून आणलं.

ओढा अडला. किल्ला कोंडला. न्हावी वस्तऱ्याला धार लावू लागला. तेव्हा अण्णांनी खिशातून मातीचा एक रेडा काढला. पाठीवर सायकलच्या ट्यूबची इवलीशी पखाल.

"हे काय?"

"पान्याचा रेडा."

"इतिहासात न्हाई हा!"

"इतिहासात मीबी नव्हतो!"

शेड हसून कोसळायचं राहिलं. मी रेडा मंजूर केला. मारायची मुभा मराठ्यांना होतीच. रेडा निघाला, थेट चिंचोक्यांच्या मधून. स्टोअरकीपरांना हव्या तशाच कवड्या पडल्या. त्यांनी एक चिंचोका उचलला, रेड्यावर नेला, आणि हात तिथेच थांबला.

बाहेर अण्णांचा टँकर उभा होता. सकाळी त्यानेच स्टोअरकीपरांच्या दारातला हौद भरला होता. टँकर आला, की लग्नाची वरातसुद्धा बाजूला व्हायची, हा त्या साली आमचा रिवाजच पडला होता.

"मारा की, साहेब," ते म्हणाले. त्यांचा आवाज एवढा लहान मी प्रथमच ऐकला.

"पान्याच्या गाडीला आडवं जात नसतेत, अण्णा," स्टोअरकीपर म्हणाले, आणि चिंचोके बाजूला करून त्यांनी वाट मोकळी केली.

रेडा किल्ल्यात शिरला. मी उभा राहून जाहीर केलं, "निजाम जिवंत!" स्टोअरकीपरांनी एका एरंडाच्या बीला वाकून त्रिवार मुजरा केला. खर्ड्याला मराठ्यांनी माघार घेतली ती फक्त आमच्या काट्यावर, आणि हे मी आजही छाती फुगवून सांगतो.

अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला ते दिसतात त्याच दुपारचे. वस्तीवरची खेप राहिली होती म्हणून चहा अर्धा टाकून ते टँकरवर चढले, मीही शेजारी बसलो. वाटभर हॉर्न. वस्ती दिसताच त्यांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

"सरका, सरका! निजाम जिंकून आलाय!"

घागरींच्या रांगेतून एक म्हातारी ओरडली, "आदी पानी सोड रं मेल्या, मंग निजाम हो!"

आणि निजाम उडी मारून नळी धरायला धावला.